स्पॅनिशभाषक पालकांना प्रोमोतोरांमार्फत मानसिक आधार: मर्यादा कुठे आखावी?

नोंदवही (प्रश्न)

मी कॅलिफोर्नियातील सॅन वाकीन खोऱ्यात एका आरोग्य केंद्राच्या बालरोग विभागात कार्यक्रमांचे नियोजन पाहते. आमच्याकडे येणाऱ्या मुलांचे पालक बहुतांशी शेतमजूर किंवा फळे-भाज्यांच्या पॅकिंग शेडमधील कामगार असून ते घरी स्पॅनिश बोलतात. बाळाच्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या महिन्याच्या तपासणीत आईला नैराश्याविषयीची प्रश्नावली भरायला द्यावी, अशी अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सची शिफारस आहे आणि आम्ही ती नियमित पाळतो. त्यासाठी एडिनबरा प्रश्नावलीची स्पॅनिश आवृत्ती वापरतो.

अडचण त्यानंतर सुरू होते. गुण जास्त आले की आम्ही त्या आईला थेरपिस्टकडे जाण्याची चिठ्ठी देतो. स्पॅनिशमध्ये काम करणारा परवानाधारक थेरपिस्ट मिळण्यासाठी प्रतीक्षायादी लांब आहे, केंद्र घरापासून दूर आहे, हंगामात एक दिवस काम सोडले तर तेवढी मजुरी बुडते, आणि या सगळ्यावर मात करूनही ज्या जातात त्यांच्यापैकी अनेक दुसऱ्या भेटीला जात नाहीत. वडिलांना तर आम्ही प्रश्नावलीसुद्धा देत नाही.

आमच्या केंद्रात गेली अनेक वर्षे प्रोमोतोरा काम करीत आहेत. ज्यांना हा शब्द अपरिचित आहे त्यांच्यासाठी सांगते की त्याच वस्तीत राहणाऱ्या, तीच भाषा बोलणाऱ्या आणि थोडे प्रशिक्षण घेऊन आरोग्याचे काम करणाऱ्या या स्त्रिया आहेत, काही ठिकाणी पुरुषही आहेत. आतापर्यंत त्यांनी मधुमेह आणि लसीकरणाचे काम केले. आता व्यवस्थापनाचा प्रस्ताव असा आहे की सौम्य आणि मध्यम स्वरूपाचे नैराश्य किंवा चिंता असलेल्या पालकांना त्यांनीच घरी भेटून आधार द्यावा. प्रस्ताव मला आकर्षक वाटतो, परंतु तीन गोष्टींनी मी अस्वस्थ आहे. त्या नेमके काय करू शकतात आणि कुठे थांबल्या पाहिजेत, हे मला नीट कळलेले नाही. ज्यांना चांगले उपचार परवडत नाहीत त्यांच्यासाठी आपण कमी प्रतीची सोय तर करीत नाही ना, ही शंका मनातून जात नाही. आणि अनुदान संपल्यावर या कामाचे काय होणार, हेही उघड नाही. ज्यांनी असे काम जवळून पाहिले आहे त्यांनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

साक्षीभाव

मी टेक्सासमध्ये परवानाधारक क्लिनिकल सोशल वर्कर आहे आणि माझ्या कामाचा एक भाग प्रोमोतोरांच्या कामावर देखरेख ठेवण्याचा आहे. टेक्साससंबंधी एक गोष्ट आधी सांगते. या राज्याने १९९९ पासूनच प्रोमोतोरांच्या कामाला कायद्यात स्थान दिले आणि इथे प्रमाणपत्रासाठी १६० तासांचे प्रशिक्षण लागते. परंतु त्या १६० तासांत मानसिक आरोग्याचा भाग थोडाच असतो, त्यामुळे प्रमाणपत्र हाती आहे म्हणून ती व्यक्ती या कामाला तयार आहे असे कृपया धरू नये.

प्रोमोतोरा नेमके काय करते, याविषयी आपण विचारले आहे. तिचे काम थेरपिस्टच्या कामाची लहान आवृत्ती आहे असे मानले की सगळी आखणी चुकते. चांगल्या कार्यक्रमात साधारण सहा ते आठ भेटी ठरलेल्या असतात आणि प्रत्येक भेटीचा आराखडा लिहिलेला असतो. पहिल्या भेटीत ती बहुधा फक्त ऐकते. आई क्वचितच ‘मला उदास वाटते’ असे म्हणते. डोके दुखते, झोप लागत नाही, पोटात गोळा येतो, मुलांवर उगाच ओरडले जाते, अशा तक्रारी आधी येतात. प्रोमोतोरा त्यांना खोटे ठरवीत नाही आणि लगेच आजाराचे नावही देत नाही. दुसऱ्या भेटीपासून ती आईबरोबर गेल्या आठवड्याचा दिवसक्रम कागदावर मांडते, कोणत्या वेळी मन अधिक खचते ते दोघी मिळून पाहतात, आणि पुढच्या भेटीपर्यंत करता येईल अशी एकच लहान कृती ठरवतात. ती कृती दुपारी बाळाला घेऊन दहा मिनिटे बाहेर चालण्याची असेल किंवा महिनाभर टाळलेला बहिणीचा फोन करण्याची. पुढच्या भेटीत ती जमली का, जमली नसेल तर आड काय आले, याची चौकशी होते. मानसशास्त्रात या पद्धतीला वर्तन-सक्रियता म्हणतात. तिला जोडून अडचण सोडवण्याची पद्धतही शिकवली जाते, कारण भाडे थकले आहे, मुकादम पगार अडवतो आहे, शाळेतून आलेले पत्र समजत नाही, अशा गोष्टी बाजूला ठेवून मनाविषयी बोलणे या घरांमध्ये शक्यच नसते. थेरपिस्टच्या खोलीत या गोष्टी विषयांतर ठरू शकतात, प्रोमोतोराच्या भेटीत तोच विषय असतो, आणि माझ्या मते तिचे खरे सामर्थ्य इथे आहे.

या पद्धतीला पुराव्याचा आधार आहे. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ग्रामीण पाकिस्तानातील एका चाचणीत तिथल्या आरोग्यसेविकांनी नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांना अशाच रीतीने भेटी दिल्या, बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा त्या गटातील २३ टक्के आणि तुलनेच्या गटातील ५३ टक्के मातांना नैराश्य उरले होते. झिम्बाब्वेच्या हरारे शहरात वयस्क आरोग्यसेविकांनी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून घेतलेल्या भेटींची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचा निष्कर्षही अनुकूल होता. अर्थात पाकिस्तानातील खेडे किंवा हरारे म्हणजे कॅलिफोर्निया नव्हे, म्हणून आपल्या विषयाच्या अधिक जवळचे उदाहरण देते. सॅन फ्रान्सिस्कोत रिकार्डो मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मामास इ बेबेस’ हा गरोदर स्त्रियांसाठीचा अभ्यासक्रम तयार केला, त्यात स्पॅनिशभाषक स्त्रिया पहिल्यापासून डोळ्यांसमोर होत्या. गर्भारपणातील आणि बाळंतपणानंतरचे नैराश्य टाळण्यासाठी जोखीम असलेल्या स्त्रियांना समुपदेशन द्यावे, अशी शिफारस अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१९ मध्ये केली, तेव्हा ज्या मोजक्या कार्यक्रमांचा त्यात उल्लेख झाला त्यांपैकी हा एक होता.

आता मर्यादेविषयी. प्रोमोतोरा निदान करीत नाही, औषधाविषयी सल्ला देत नाही, आणि सीमा ओलांडताना किंवा त्याआधी मायदेशी घडलेल्या हिंसेच्या आठवणी स्वतःहून उकरून काढीत नाही. आईने ते सांगितले तर ऐकते, मात्र तपशील विचारीत नाही. भास, अनेक रात्री न झोपताही येणारा विलक्षण उत्साह, घरातील मारहाण, व्यसन, किंवा स्वतःला अथवा बाळाला इजा करण्याचा विचार यांपैकी काहीही दिसले की ते प्रकरण त्याच दिवशी परवानाधारक व्यक्तीकडे गेले पाहिजे. चिठ्ठी देऊन ते जात नाही. प्रोमोतोराने तिथूनच फोन लावून आईचे त्या व्यक्तीशी बोलणे करून द्यावे लागते, आणि त्यासाठी फोनच्या दुसऱ्या टोकाला माणूस असावा लागतो.

म्हणून माझी एकच अट आहे. आठवड्यातून किमान एक तास, शक्यतो स्पॅनिश जाणणाऱ्या परवानाधारक व्यक्तीने प्रोमोतोरांबरोबर बसून एकेका कुटुंबाविषयी बोलावे, आणि हा तास त्यांच्या पगारी वेळेत धरलेला असावा. ज्या केंद्राला हा तास देता येत नाही त्याने कार्यक्रम सुरू करू नये, इतके ठाम माझे मत आहे. वर सांगितलेल्या पाकिस्तानातील आरोग्यसेविकांचे प्रशिक्षण अगदी थोड्या दिवसांचे होते, परंतु त्यांच्या देखरेखीच्या बैठका दरमहा चालू राहिल्या. कार्यक्रमाचा गौरव करताना लोक प्रशिक्षणाविषयी बोलतात आणि या बैठका विसरतात.

उलटतपासणी

साक्षीभाव यांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, तरीही मूळ प्रश्नातील दुसऱ्या शंकेला त्यांनी हात लावलेला नाही, म्हणून लिहितो. मी आरोग्य धोरणाच्या क्षेत्रात आहे, प्रत्यक्ष उपचाराच्या नाही.

अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात आणि स्पॅनिशमधून सेवा देऊ शकणारे मानसशास्त्रज्ञ एकूण संख्येच्या जेमतेम पाच-सहा टक्के आहेत. ही दरी काही एका रात्रीत पडलेली नाही. द्विभाषिक विद्यार्थ्यांना पदव्युत्तर शिक्षणासाठी पैसे देणे, परवान्यासाठी लागणारे देखरेखीखालचे तास पगारी करणे, परदेशातील पदव्यांना मान्यता देण्याची वाट सोपी करणे, हे सगळे करता आले असते आणि अजूनही येईल. ते न करता वस्तीतील एका समंजस स्त्रीला काही दिवस शिकवून पाठवणे स्वस्त पडते. सरकारी आकडेवारीनुसार २०२३ मध्ये सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांचे मध्यम वार्षिक वेतन सुमारे ४८ हजार डॉलर होते. मानसशास्त्रज्ञाचे वेतन त्याच्या जवळपास दुप्पट असते. तात्पुरती म्हणून सुरू झालेली सोय गरिबांच्या बाबतीत कायमची होते, असा आरोग्यव्यवस्थेचा इतिहास आहे, आणि विमाधारक इंग्रजीभाषक आईला कोणी शेजारीण पाठवून देत नाही, हे आपण विसरू नये.

दुसरा मुद्दा मला अधिक गंभीर वाटतो. या पालकांच्या मनावरचे ओझे कुठून येते? २०१९ च्या ‘पब्लिक चार्ज’ नियमाने सरकारी मदत घेतली तर कायमच्या वास्तव्याचा अर्ज अडेल अशी धास्ती निर्माण केली. तो नियम २०२१ मध्ये मागे घेतला गेला तरी धास्ती मागे राहिली. जानेवारी २०२५ मध्ये रुग्णालये, शाळा आणि चर्च यांना स्थलांतर-कारवाईपासून दिलेले जुने संरक्षण केंद्र सरकारने काढून घेतले. त्याच वर्षी मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या नोंदींतील माहिती स्थलांतर यंत्रणेला दिली गेल्याचे उघड झाले. ज्या वडिलांना सकाळी कामाला जाताना संध्याकाळी परत येऊ की नाही याची खात्री नाही, त्यांची चिंता हा आजार नाही. त्यांना श्वासाचा व्यायाम शिकवून आपण प्रश्नाचे स्थान रस्त्यावरून त्यांच्या डोक्यात हलवतो. शिवाय प्रोमोतोरा स्वतः त्याच वस्तीत राहते, तिच्याही घरी तीच भीती असते, आणि दिवसभर इतरांचे ऐकून ती रात्री कोणाशी बोलते, हे या प्रस्तावात कुठेही लिहिलेले दिसत नाही.

साक्षीभाव

उलटतपासणी यांच्या पहिल्या मुद्द्याशी मी बरीचशी सहमत आहे. द्विभाषिक थेरपिस्ट घडवण्याचे काम प्रोमोतोरांच्या कार्यक्रमामुळे थांबत असेल तर तो कार्यक्रम घातक आहे. परंतु इथल्या कितीतरी आयांना आज थेरपिस्ट किंवा प्रोमोतोरा असा पर्याय उपलब्धच नसतो. टेक्सासमध्ये कागदपत्रे नसलेल्या गरोदर स्त्रीला ‘चिप पेरिनेटल’ योजनेतून गर्भारपणात तपासण्या मिळतात, कारण ते संरक्षण पोटातील बाळाच्या नावाने असते. प्रसूतीनंतर तिला फक्त दोन भेटी मिळतात. राज्याच्या मेडिकेडमध्ये बसणाऱ्या स्त्रियांसाठी मार्च २०२४ पासून हे संरक्षण बारा महिन्यांचे झाले, या स्त्रियांसाठी मात्र नाही. नैराश्य ज्या महिन्यांत डोके वर काढते नेमक्या त्याच महिन्यांत तिच्यासाठी दारे बंद होतात. अशा घरी जाणारी प्रोमोतोरा कमी प्रतीची आहे की नाही, हा प्रश्न तिथे जाणारे दुसरे कोणी असेल तेव्हा विचारता येईल.

भीतीविषयी त्यांनी लिहिलेले खरे आहे, आणि म्हणूनच चांगल्या प्रोमोतोरा श्वासाच्या व्यायामापासून सुरुवात करीत नाहीत. आईवडिलांना एकाच वेळी ताब्यात घेतले गेले तर मुलांना शाळेतून कोणी आणायचे, तात्पुरते पालकत्व कोणाकडे असेल, मुलांची औषधे आणि पासपोर्ट कुठे ठेवले आहेत, हे सगळे लिहून ठेवण्याची योजना त्या कुटुंबाबरोबर बसून तयार करतात आणि कायदेशीर भागासाठी स्थलांतर-वकिलाकडे पाठवतात. ही योजना झाल्यावर काही आयांना प्रथमच सलग झोप लागल्याचे मी ऐकले आहे. ते उपचारांत मोजावे की सामाजिक कामात, याचा वाद इतरांनी घालावा.

प्रोमोतोरांच्या स्वतःच्या ताणाविषयी मात्र त्यांचा आक्षेप पूर्ण मान्य आहे. देखरेखीच्या तासाचा एक भाग त्यांच्यासाठीच राखून ठेवावा लागतो, आणि एका वेळी किती कुटुंबे हाताळायची याची मर्यादा लेखी असावी लागते. ती लेखी नसेल तर चांगल्या प्रोमोतोराचेच काम सर्वांत जास्त वाढते.

अंकगणित

मी कॅलिफोर्नियात आरोग्य केंद्रांच्या बिलांचे काम पाहतो, त्यामुळे फक्त तिसऱ्या शंकेवर लिहितो.

१ जुलै २०२२ पासून सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांची, म्हणजे प्रोमोतोरांची, सेवा मेडी-कॅलमध्ये (कॅलिफोर्नियाच्या मेडिकेडमध्ये) समाविष्ट झाली आहे. ती प्रतिबंधक सेवा म्हणून गणली जाते आणि बिल ३० मिनिटांच्या घटकांत होते. एकाच व्यक्तीशी भेट असेल तर एक संकेतांक, दोन ते चार जणांच्या गटासाठी दुसरा, पाच ते आठ जणांसाठी तिसरा. आपण वडिलांचा गट घेण्याचा विचार करीत असाल तर ही आठाची संख्या लक्षात ठेवा. कार्यकर्तीकडे प्रमाणपत्र हवे किंवा मागील तीन वर्षांत २,००० तासांचा अनुभव हवा, आणि अनुभवाच्या आधारे आलेल्या व्यक्तीने १८ महिन्यांत प्रमाणपत्र मिळवायचे असते. आपल्या जुन्या प्रोमोतोरा बहुधा दुसऱ्या वाटेने बसतील. त्यांचे जुने तास आजच लेखी स्वरूपात जमा करायला लागा, कारण मागाहून ते सिद्ध करणे फार कटकटीचे होते.

आता अडथळा. आपले केंद्र जर केंद्र सरकारच्या अनुदानावरचे ‘फेडरली क्वालिफाइड हेल्थ सेंटर’ असेल तर त्याला प्रत्येक भेटीगणिक ठरलेला दर मिळतो, आणि तो दर ज्यांच्या भेटीला लागू होतो त्या व्यावसायिकांत डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, क्लिनिकल सोशल वर्कर वगैरे येतात, प्रोमोतोरा येत नाही. त्यामुळे नवे संकेतांक पाहून हर्षभरित झालेल्या अनेक केंद्रांच्या हाती फारसे काही लागत नाही. अशा केंद्रांनी विमा योजनांशी वेगळा करार करणे किंवा वस्तीतील एखाद्या संस्थेबरोबर भागीदारी करून तिच्यामार्फत सेवा देणे, या वाटा पाहाव्यात.

बालरोग विभागासाठी आणखी एक तरतूद महत्त्वाची आहे, आणि तिचा वापर व्हावा तितका होत नाही असे मला वाटते. जानेवारी २०२३ पासून मेडी-कॅलमध्ये मूल आणि पालक यांना एकत्र धरून दिलेल्या सेवांचे बिल करता येते. पालकाची नैराश्याची तपासणी मुलाच्या मेडी-कॅल क्रमांकावर नोंदवता येते, आणि ती मुलाच्या थेट हिताची असेल तर पालक स्वतः मेडी-कॅलमध्ये असण्याची अट नाही. राज्याने जानेवारी २०२६ पासून कागदपत्रे नसलेल्या प्रौढांची संपूर्ण मेडी-कॅलमधील नवी नोंदणी थांबवली आहे, तेव्हा ही तरतूद आता अधिकच उपयोगाची आहे. परवानाधारक व्यक्तीचा वेळ तुम्ही या मार्गाने भागवू शकलात तर साक्षीभाव यांनी सांगितलेला देखरेखीचा तासही त्यातून निघेल.

काउंटीच्या (जिल्हा प्रशासनाच्या) पैशांवर फार विसंबू नका. २००४ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन ६३ या कायद्याने दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर एक टक्का कर बसवला आणि त्यातून लॉस एंजेलिस काउंटीसह अनेक ठिकाणी प्रोमोतोरांचे मानसिक आरोग्याचे काम उभे राहिले. मार्च २०२४ मध्ये मतदारांनी त्या निधीची वाटणी बदलली, आणि त्यानुसार जुलै २०२६ पासून काउंटीला तिच्या वाट्यातील ३० टक्के रक्कम घरांच्या सोयीसाठी राखावी लागते. प्रतिबंधक कामाच्या वाट्याला पूर्वीइतके येईल असे धरून अंदाजपत्रक करू नये.

दोन भाषांमधला

थोडक्यात लिहितो. ‘स्पॅनिशभाषक’ म्हणून आपण ज्यांची नोंद करता त्यांतील काही पालकांची भाषा मिश्तेक, सापोतेक किंवा त्रिकी असेल. ओक्साका आणि गेरेरो या राज्यांतून आलेली ही कुटुंबे कॅलिफोर्नियाच्या शेतीत मोठ्या संख्येने आहेत, ग्रीनफील्ड परिसरात त्रिकी आणि ऑक्सनार्ड परिसरात मिश्तेक बोलणारे बरेच आहेत, आणि आपल्या खोऱ्यातही असणारच. नोंदणीच्या खिडकीवर ते ‘सी, एस्पान्योल’ म्हणतात, कारण खरे सांगितले तर दुभाषा मिळणार नाही याची त्यांना सवय झालेली असते. अशा आईने स्पॅनिश प्रश्नावलीत शून्य गुण मिळवले तर ती ठीक आहे असे मानू नका. तिला तोंडी, तिच्या भाषेत विचारावे लागेल, आणि त्यासाठी त्या समाजातील प्रोमोतोरा नेमावी लागेल. ऑक्सनार्डमध्ये मिश्तेक समाजाची स्वतःची संघटना आहे, तिच्याशी बोलून पाहा.

तोवर दुभाषा म्हणून मोठ्या मुलीला पुढे करू नका. परवडणाऱ्या आरोग्यसेवेच्या कायद्यातील कलम १५५७ नुसार तातडीची परिस्थिती वगळता अल्पवयीन मुलाकडून दुभाष्याचे काम करून घेण्यास मनाई आहे, आणि कायदा नसता तरी आईच्या निराशेचे भाषांतर तिच्या दहा वर्षांच्या मुलीने करावे यासारखे क्रौर्य नाही.

नोंदवही

सर्वांचे आभार. अंकगणित यांनी सांगितलेली मुलाच्या क्रमांकावरची तरतूद मला ठाऊक नव्हती आणि ती मी आजच आमच्या लेखा विभागाकडे पाठवली आहे. नोंदणीच्या खिडकीवरचा भाषेचा प्रश्नही बदलावा लागेल असे दिसते.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. प्रोमोतोरा त्याच वस्तीतील, त्याच चर्चमध्ये जाणारी असते. विश्वास त्यामुळे मिळतो, परंतु आमच्या एका सभेत एका आईने स्पष्ट सांगितले की तिला आपले घरचे ओळखीच्या बाईला सांगायचे नाही. हे कसे हाताळता? आणि दुसरे, पीएचक्यू-९ या नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतील नववा प्रश्न, म्हणजे मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का हा, प्रोमोतोराने संध्याकाळी सात वाजता एखाद्या घरात विचारला आणि उत्तर ‘होय’ आले, तर तिने नेमके काय करावे? आमच्या प्रस्तावात ‘योग्य ती कार्यवाही करावी’ एवढेच लिहिले आहे.

साक्षीभाव

‘योग्य ती कार्यवाही’ हे शब्द काढून टाका. संध्याकाळी सातला ज्याने फोन उचलायचा त्या परवानाधारक व्यक्तीचे नाव आणि क्रमांक तिथे हवा, आणि तिने उचलला नाही तर दुसऱ्या व्यक्तीचे. आठवडाभराची ही पाळी आधी ठरलेली असावी. ती ठरवता येत नसेल तर प्रोमोतोरांनी नववा प्रश्न असलेली प्रश्नावली संध्याकाळी वापरू नये. दिवसा, केंद्र उघडे असताना भेटी द्याव्यात.

उत्तर ‘होय’ आल्यावर पहिली गोष्ट म्हणजे घाबरून प्रश्न बदलू नये. गेल्या दोन आठवड्यांत असे विचार आले इतकेच त्या प्रश्नावरून कळते. हेतू आहे का, साधन हाताशी आहे का, काही ठरवले आहे का, हे त्यावरून कळत नाही. हे पुढचे दोन-तीन प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायचे ते प्रोमोतोरांना आधी शिकवलेले असावे, आणि विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते हा समज प्रशिक्षणातच दूर केलेला असावा. मग तिथेच बसून परवानाधारक व्यक्तीला फोन. ताबडतोब धोका दिसत असेल तर प्रोमोतोराने आईला एकटे सोडून निघायचे नाही. ९८८ या संकटकालीन क्रमांकावर २ दाबले की स्पॅनिशमध्ये बोलता येते, आणि गरोदर स्त्रिया व नव्या मातांसाठी १-८३३-८५२-६२६२ या क्रमांकावर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये चोवीस तास समुपदेशक असतात. हे दोन्ही क्रमांक आईकडे असावेत, परंतु आपली जबाबदारी त्यांच्यावर ढकलू नये. ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन केला की दारात पोलिस येऊ शकतात हे या घरांना माहीत असते, म्हणून तो फोन कोणत्या परिस्थितीत होईल हे पहिल्याच भेटीत, शांतपणे, सांगून ठेवावे.

गुप्ततेविषयी त्या आईचे म्हणणे रास्त आहे. पालकाला निवड द्या: ओळखीची प्रोमोतोरा, दुसऱ्या गावात राहणारी प्रोमोतोरा, किंवा फोनवरून भेट. आमच्याकडे वडील बहुतेक वेळा फोन निवडतात, आणि काम संपल्यावर ट्रकमध्ये बसून बोलतात. घरी येणाऱ्या बाईपुढे ते गप्प असतात. चर्चमध्ये किंवा दुकानात भेट झाली तर प्रोमोतोरा स्वतःहून ओळख दाखवणार नाही, असा करार पहिल्या भेटीत करा. नोंदी केंद्राच्या प्रणालीतच ठेवा, तिच्या वहीत किंवा फोनमध्ये नको, आणि स्थलांतराचा दर्जा कुठेही लिहू नका, उपचारासाठी त्याची गरज नसते. मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय आला तर गुप्तता राखता येत नाही, हेही आधीच सांगावे लागते. टेक्सासमध्ये हे कळवण्याचे कर्तव्य प्रत्येक व्यक्तीवर आहे; कॅलिफोर्नियात ते कायद्याने नेमून दिलेल्या व्यवसायांवर आहे, तेव्हा आपल्या प्रोमोतोरा त्यात येतात का हे केंद्राच्या वकिलाला लेखी विचारा.

उलटतपासणी

माझा मूळ आक्षेप कायम आहे, तरी नोंदवही यांना एक सुचवतो. प्रस्तावात एक स्तंभ वाढवा: प्रोमोतोरांनी पुढे पाठवलेल्या किती पालकांची थेरपिस्टशी खरोखर भेट झाली आणि त्यासाठी किती दिवस लागले. सहा महिन्यांनी तो आकडा प्रतीक्षायादी कमी झाल्याचे दाखवीत नसेल, तर व्यवस्थापनाकडे द्विभाषिक थेरपिस्टचे पद मागायला आपल्याजवळ कागद असेल. प्रोमोतोरांच्या समाधानकारक भेटींची संख्या पाहून कोणीही ते पद देणार नाही.

नोंदवही

हा स्तंभ घालते. पाळीची यादी आणि दुसऱ्या गावातील प्रोमोतोरांची व्यवस्था ठरेपर्यंत घरभेटी सुरू करू नयेत, असे मी सोमवारी व्यवस्थापनाला लेखी कळवणार आहे. अंकगणित, २,००० तासांचा दाखला जुन्या हजेरीपटावरून चालतो की पगाराच्या पावत्या लागतात?

अंकगणित

देखरेख करणाऱ्या संस्थेने पडताळून ठेवलेली नोंद हवी. हजेरीपट आणि पावत्या दोन्ही जोडा, आणि जे तास स्वयंसेवक म्हणून झाले त्यांच्यासाठी त्या त्या संस्थेचे पत्र घ्या. विनावेतन तासही धरले जातात.